तपासणी झाली, विचारपूस राहिली

"आजी, इथं कसं वाटतं?" असं मी विचारलं, तेव्हा माझ्या शेजारीच संस्थेच्या अधीक्षिका उभ्या होत्या. आजींनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चांगलंय की. वेळेवर जेवण, वेळेवर औषध. काही कमी नाही." मी फॉर्मवरच्या 'समाधानी' या रकान्यात खूण केली. समाजकार्याच्या शिक्षणाचं माझं दुसरं वर्ष होतं, पश्चिम महाराष्ट्रातला एक वृद्धाश्रम होता आणि संध्याकाळच्या एसटीच्या आत बावीस फॉर्म भरून व्हायचे होते. तेवढ्यात अधीक्षिकांना फोन आला आणि त्या व्हरांड्यात गेल्या. आजींनी माझं मनगट धरलं. "बाळ, एक लिहून घे. मला पहाटे चारला जाग येते. उभा जन्म चारला उठून चहा ठेवलाय. इथं चहा सातला. तीन तास मी आढ्याकडे बघत पडते. एक लहान पातेलं आणि शेगडी दिली ना, तर कुणाला माझा आवाजसुद्धा येणार नाही."

माझ्या फॉर्ममध्ये या बोलण्याला रकाना नव्हता. मी ते फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. अहवाल टाइप झाला तेव्हा ती बाजू कुणी उलटून पाहिली नाही, आणि मीही तसा आग्रह धरला नाही. त्या आश्रमातले बावीसच्या बावीस वृद्ध 'समाधानी' म्हणून नोंदले गेले.

त्यानंतर कामाच्या निमित्तानं मुलांची बालगृहं पाहिली, बौद्धिक दिव्यांगांची निवासी केंद्रं पाहिली, मनोरुग्णालयांचे वॉर्ड पाहिले. चांगल्या संस्था पाहिल्या, वाईट पाहिल्या, आणि बहुतेक मधल्या पाहिल्या. जिथं कुणी दुष्ट नसतं, पण दिवस कसाबसा ढकलला जातो, अशा. या सगळ्या फिरण्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि ते मी इथे मांडते आहे. निवासी संस्थांबद्दलची आपली सगळी माहिती संस्था चालवणाऱ्यांकडून येते. तिथे राहणाऱ्यांकडून येत नाही. ती त्यांच्याकडून, एकांतात आणि बाहेरच्या स्वतंत्र माणसानं घ्यायला हवी. तसं दरवर्षी, प्रत्येक संस्थेत झालं पाहिजे, आणि त्याचा अहवाल लोकांसमोर आला पाहिजे. हे होत नाही तोवर आपण कितीही कायदे केले तरी भिंतींच्या आत काय चाललं आहे, हे आपल्याला कळणार नाही.

आधी मोजणीचंच बघा. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिनं २०१७-१८ मध्ये देशातल्या वार्धक्याचा फार मोठा अभ्यास केला. ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांना त्यात प्रश्न विचारले गेले. तब्येत, पैसा, एकटेपणा, मुलांशी संबंध, सगळं त्यात आहे. काम उत्तमच आहे. पण त्याचा नमुना घरांमधून निवडलेला आहे. वृद्धाश्रमात राहणारा माणूस अशा पाहणीच्या वाटेवर येतच नाही. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या पाहण्यांची हीच गत आहे, कारण त्यांचं एकक म्हणजे कुटुंब. ज्याचं कुटुंब सुटलं तो आकडेवारीतूनही सुटतो. अनाथालयातली मुलगी आणि मनोरुग्णालयात वीस वर्षं पडून असलेली बाई यांच्यासाठी जनगणनेत एक 'संस्थात्मक कुटुंब' नावाचा गट आहे खरा, पण डोकी मोजण्यापलीकडे तो फारसा जात नाही.

मुलांच्या बाबतीत देशभराची मोजदाद व्हायलाही २०१८ उजाडावं लागलं. त्या वर्षी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या समितीचा अहवाल आला. त्यात ९,५८९ संस्था आणि पावणेचार लाखांहून जास्त मुलं नोंदली गेली. त्यातल्या ९१ टक्के संस्था स्वयंसेवी संघटनांच्या होत्या. पाहणी झाली त्या वेळी बाल न्याय कायद्याखाली नोंदणी झालेल्या संस्था होत्या जेमतेम एक तृतीयांश. उरलेल्या सगळ्या वाईट होत्या असं अजिबात नाही. पण त्यांची जबाबदारी नेमकी कुणाची, हा प्रश्न कागदावरसुद्धा सुटलेला नव्हता.

वृद्धाश्रमांची स्थिती याहून बिकट आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी एक वृद्धाश्रम असावा असं म्हटलं आहे. पण राज्य सरकारनं तो 'काढावा' असं बंधन नाही, 'काढू शकेल' अशी मुभा आहे. आणि खासगी वृद्धाश्रमांच्या नोंदणीची सक्ती त्या कायद्यात नाही. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात ती होती, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे चार खोल्यांचा बंगला भाड्यानं घ्यायचा, दारावर 'सेवाश्रम' असा फलक लावायचा आणि महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन म्हाताऱ्या माणसांना ठेवून घ्यायचं, याला फारशी आडकाठी नाही. ज्यांची यादीच नाही त्यांचा अभ्यास करणार कसा?

आता जिथे नोंदणी आहे, कायदा आहे, तपासणी आहे तिथे या. एका बालगृहातल्या सोळा वर्षांच्या मुलानं मला सांगितलं होतं, "ताई, सकाळी फिनेलचा वास आला की आम्हाला कळतं, आज साहेब येणार." त्या दिवशी पेटीतल्या नव्या चादरी निघतात. जेवणात पनीर असतं. लहान मुलांना गाणं बसवलेलं असतं. साहेब रजिस्टरं बघतात, संडास मोजतात, धान्याची कोठी उघडून बघतात, आणि हे सगळं बघायलाच हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग मुलांना ओळीत उभं करून विचारतात, "काय रे, जेवण मिळतं ना नीट?" मुलं एका सुरात "होऽ" म्हणतात. साहेब शेरा लिहितात आणि गाडी निघते. चादरी रात्रीच्या आत पुन्हा पेटीत.

बाल न्याय नियमांत सूचना पेटी आहे, मुलांची बालसमिती आहे. त्याच बालगृहात मी ती पेटी पाहिली. अधीक्षकांच्या केबिनच्या दाराशेजारी लावली होती आणि बरोबर वरती सीसीटीव्ही कॅमेरा होता. कुलूप गंजलेलं. मी अधीक्षकांना विचारलं तर ते अगदी सरळपणे म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे तक्रारच येत नाही." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, आपल्या टिसमध्ये, 'कोशिश' नावाचा प्रकल्प आहे. २००६ पासून हे लोक बेघर आणि भिक्षेकरी माणसांबरोबर काम करत आले, चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात त्यांच्या कामाची पायाभरणी झाली. बिहार सरकारनं आपल्या राज्यातल्या निवासी संस्थांचं सामाजिक लेखापरीक्षण करण्याचं काम २०१७ मध्ये त्यांच्याकडे दिलं. मुलांची गृहं, स्त्रियांची अल्पकालीन निवासगृहं, निराधारांची सेवा कुटीरं अशा ११० संस्था त्यांनी काही महिन्यांत पालथ्या घातल्या. भर होता तो आत राहणाऱ्यांशी बोलण्यावर. एप्रिल २०१८ मध्ये अहवाल सरकारकडे गेला. त्यात काही संस्थांच्या चांगल्या कामाची आवर्जून नोंद होती, आणि १७ संस्थांबद्दल अत्यंत गंभीर इशारा होता. त्यातली एक होती मुजफ्फरपूरचं बालिकागृह.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. वैद्यकीय तपासणीत तीसहून जास्त मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं समोर आलं. सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली तपास सीबीआयकडे गेला, खटला दिल्लीला हलला, जानेवारी २०२० मध्ये १९ जण दोषी ठरले आणि संस्थेच्या चालकाला जन्मठेप झाली. दोषींमध्ये कोण होते ते नीट वाचायला हवं. बालकल्याण समितीचा अध्यक्ष त्यात होता. जिल्ह्याच्या बाल संरक्षण यंत्रणेतला अधिकारी त्यात होता. म्हणजे ज्यांनी त्या मुलींची काळजी घेतली जाते की नाही हे पाहायचं, तेच. ते बालिकागृह नोंदणीकृत होतं, त्याला अनुदान मिळत होतं, तिथे अधिकाऱ्यांच्या भेटी होत होत्या. रजिस्टरं भरलेली होती. या सगळ्यातून जे कळलं नाही ते बाहेरून आलेल्या, त्या जिल्ह्याशी काही देणंघेणं नसलेल्या संशोधकांना कळलं. कारण ते मुलींजवळ बसले.

"ते बिहारमध्ये. आपल्याकडे असं नाही." हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकलं आहे की त्याला उत्तर द्यायलाच हवं. १९९४ साली पुण्यात ससून रुग्णालयात, शिरूरच्या शासकीय गृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं काढण्यात आली. कारण सांगितलं गेलं ते असं, की पाळीच्या दिवसांत त्यांना स्वतःची स्वच्छता ठेवता येत नाही आणि कर्मचाऱ्यांना ते झेपत नाही. त्या निर्णयात जाणते, सुशिक्षित, प्रतिष्ठित लोक होते आणि त्यांना आपण भलं करतो आहोत असंच वाटत होतं. महिला संघटनांनी आवाज उठवला म्हणून ते थांबलं. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या बौद्धिक दिव्यांग मुलांच्या गृहातली दशा वर्तमानपत्रांत आली आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. पाठोपाठ २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या एका गृहातले अत्याचार उघडकीला आले. बोलता न येणाऱ्या मुलींनी खुणांच्या आणि दुभाष्यांच्या मदतीनं आपलं म्हणणं सांगितलं. ज्यांच्याबद्दल 'यांना काय कळतंय' असं सर्रास म्हटलं जातं, त्या मुलींनी.

आपल्याकडे संस्थांची परंपरा मोठी आहे आणि तिचा मला अभिमान आहे. १८६३ मध्ये पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्यानंतर पंढरपूरचा बालकाश्रम, केडगावचं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, हिंगण्याचा महर्षी कर्व्यांचा आश्रम अशी मोठी माळ आहे. पण या अभिमानाची एक अडचण होऊन बसली आहे. संस्थापकांविषयी आपल्या मनात इतका आदर असतो की संस्थेविषयी प्रश्न विचारणं म्हणजे त्यांच्या त्यागावर शंका घेणं वाटतं. 'सेवाभावी' हा शब्द एकदा फलकावर आला की तिथे जाणारा माणूस चपलेबरोबर आपले प्रश्नही बाहेर काढून ठेवतो. वाढदिवसाला जेवण द्यायला आलेला देणगीदार मुलांबरोबर फोटो काढून निघून जातो. ज्या फुले दांपत्यानं समाजाला न आवडणारे प्रश्न विचारले, त्यांच्या परंपरेत प्रश्न विचारायला संकोच का असावा?

प्रश्न विचारण्यातून काय हाती येऊ शकतं याची दोन जुनी उदाहरणं मला नेहमी आठवतात. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या एका नर्सिंग होममध्ये १९७० च्या दशकात एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, की तुमची खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा ते तुम्ही ठरवा, आणि हे एक रोप घ्या, याला पाणी तुम्हीच घालायचं. दुसऱ्या मजल्यावर रोपं तशीच दिली, पण पाणी परिचारिका घालणार, सगळं आम्ही बघू, तुम्ही निश्चिंत राहा असं सांगितलं. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हालती-बोलती झाली. दीड वर्षानं परत पाहिलं तर पहिल्या गटातले १५ टक्के लोक गेले होते, दुसऱ्या गटातले ३० टक्के. नमुना लहान होता, सगळे मिळून शंभरही नव्हते, त्यामुळे मृत्यूच्या आकड्यांवर मी फार मोठी इमारत बांधणार नाही. पण हा प्रयोग मी वाचला तेव्हा मला त्या आजींचं पातेलं आठवलं. "तुम्ही निश्चिंत राहा, सगळं आम्ही बघू" हेच वाक्य आपले वृद्धाश्रम आपल्या माहितीपत्रकात अभिमानानं छापतात.

दुसरं उदाहरण रोमानियाचं. हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट १९८९ मध्ये कोसळली तेव्हा तिथल्या सरकारी अनाथालयांत लाखाहून जास्त मुलं होती. पाळण्यांच्या रांगांत पडलेली, खायला मिळत असलेली, पण कुणी उचलून न घेतलेली. २००० नंतर बुखारेस्टमध्ये १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यातली निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकाव्या तशी निवडून पालक कुटुंबांत ठेवली गेली. ती मुलं बुद्धीनं, बोलण्यानं, माणसांवर विश्वास ठेवण्यात पुढे गेली, आणि दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांचा फायदा सर्वांत जास्त होता. अन्न, वस्त्र, निवारा पुरवला म्हणजे मूल वाढतं ही समजूत या अभ्यासानं कायमची मोडली.

आपल्याकडे असा एक प्रयोग २०२० मध्ये आपोआप घडला. टाळेबंदीत संस्थांत गर्दी नको म्हणून मुलांना घरी पाठवायचं ठरलं. सर्वोच्च न्यायालयापुढे त्या वर्षाच्या अखेरीला जो आकडा आला, तो मी पुनःपुन्हा वाचला. संस्थांमध्ये असलेल्या २,२७,५१८ मुलांपैकी १,४५,७८८ मुलं आपल्या कुटुंबाकडे परत गेली होती. जवळपास दोन तृतीयांश. ज्यांना आपण सरसकट 'अनाथाश्रमातली मुलं' म्हणतो, त्यातल्या बहुतेकांना आई, बाप, आजी, मामा असं कुणीतरी होतं. ती घरात नव्हती ती गरिबीमुळे. आई घरकामाला जाते, बाप दारू पितो किंवा नाहीच, गावात शाळा चौथीपर्यंत. या मुलांचं घरी गेल्यावर काय झालं? त्यांना तिथं राहायचं होतं का? कुणी त्यांच्या घरी जाऊन पाहिलं का? एवढी मोठी संधी संशोधनाच्या दृष्टीनं पुन्हा येणार नाही, आणि आपण ती बरीचशी हातची घालवली.

महाराष्ट्रात बाल संगोपन योजना आहे. संस्थेऐवजी नातेवाइकाकडे किंवा एकल पालकाकडे राहणाऱ्या मुलाला तिच्यातून मदत मिळते. कित्येक वर्षं ती महिन्याला ४२५ रुपये होती, मग ११०० झाली आणि आता २,२५० आहे. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' या बालसंरक्षण योजनेत संस्थेतल्या एका मुलाच्या निर्वाहासाठी महिन्याला ३,००० रुपये धरले आहेत, त्यात कर्मचाऱ्यांचे पगार आणि इमारत नाही. मूल घरात ठेवायला लागणारा पैसा संस्थेत ठेवण्यापेक्षा कमी आहे, हे कोणत्याही बाजूनं हिशेब केला तरी दिसतं. तरी आईच्या खात्यात तो पैसा वेळेवर पडत नाही, सहा-सहा महिने थकतो, आणि कंटाळून ती मुलाला बालगृहाच्या दारात आणून सोडते. मी अशा आया पाहिल्या आहेत. त्या मुलाला टाकत नाहीत, त्याची शाळा वाचवत असतात.

याचा अर्थ संस्था बंद करा असं मी म्हणते आहे का? नाही. बौद्धिक दिव्यांग मुलाच्या, आता चाळिशीला आलेल्या मुलाच्या, सत्तरीतल्या आईवडिलांबरोबर एकदा बसा. "आमच्या माघारी याचं कोण?" या एका प्रश्नावर त्यांची झोप उडालेली असते. त्यांना 'कुटुंबाधारित संगोपन' असं तत्त्वज्ञान सांगणं क्रूरपणाचं आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला आधी कुठेतरी छप्पर लागतंच. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन अशा लोकांना उचलून आणते, उपचार करते आणि मग त्यांचं गाव शोधून त्यांना पोचवते. संस्था ही वाटेतली जागा असू शकते हे त्या कामानं दाखवलं आहे.

पण आपल्याकडे वाटेतल्या जागेचाच मुक्काम होतो. देशातल्या सरकारी मनोरुग्णालयांच्या २०१९ च्या एका अभ्यासात सुमारे ३६ टक्के रुग्ण एक वर्षाहून अधिक काळ आत असल्याचं दिसलं. त्यातले बरेच बरे झालेले, न्यायला कुणी न आलेले. चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेनं अशाच बायकांना विचारलं, तुम्हाला कुठे राहायचंय? त्यातून २०१५ मध्ये 'होम अगेन' उभं राहिलं. साध्या वस्तीत भाड्याचं घर, चार-पाच जणी, मदतीला एक कार्यकर्ती, स्वयंपाक आपला आपण. पुढे तेच काम आपल्या रत्नागिरीपर्यंत आलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं समाजात राहण्याचा हक्क दिला आहे, पण तो हक्क कसा दिसतो हे या घरांनी दाखवलं. तिथे एका बाईला पहाटे चारला चहा प्यायचा असेल तर ती उठते आणि गॅस पेटवते.

संस्थाचालकांचा एक आक्षेप खरा आहे आणि तो ऐकून घेतला पाहिजे. अनुदान वर्ष-वर्ष येत नाही. काळजीवाहक बाईचा पगार इतका कमी, की जवळच्या मॉलमध्ये जागा निघाली की ती जाते. रात्री एक बाई तीस-चाळीस मुलं सांभाळते, त्यातली चार आजारी, एकाला आकडी येते. अशा वेळी तपासायला अजून एक पथक आलं की त्यांना वाटतं, आम्ही भुकेले आणि हे आमचं ताट मोजायला आलेत. मला त्यांची ही चिडचिड समजते. म्हणूनच माझं म्हणणं आहे, की अभ्यासाचा पहिला प्रश्न संस्थेला नसावा, शासनाला असावा. अनुदान कधी आलं? मंजूर पदं किती, भरलेली किती? शिरूरच्या प्रकरणात सगळ्यांचं लक्ष डॉक्टरांवर गेलं. त्या मुलींना पाळीत मदत करायला पुरेशा आया का नव्हत्या, हा प्रश्न मागेच राहिला. राहणाऱ्यांना मोकळेपणानं विचारलं तर अशी दुखणी आधी त्यांच्याच तोंडून येतात. "काकू चांगल्या आहेत पण एकट्याच आहेत, रात्री हाक मारली तरी येत नाहीत," असं एका मुलीनं मला सांगितलं होतं. ही तक्रार काकूंची आहे की शासनाची, तुम्हीच ठरवा.

दुसरा आक्षेप सुधारण्याच्या नावाखाली होणाऱ्या त्रासाचा. संशोधक येतात, मुलांच्या जखमा उघडतात, नोंदी घेतात आणि प्रबंध लिहून निघून जातात. हा आक्षेप माझ्यावरही लागू होतो. बावीस फॉर्म भरताना मी कुणाची संमती घेतली होती? अधीक्षिकांची. त्यांनी होकार दिला म्हणजे सगळ्यांनी दिला असं धरलं. ज्या माणसाला आत-बाहेर करण्याची मुभा नाही, ज्याचं जेवण आणि औषध समोरच्याच्या हातात आहे, त्याचा 'हो' किती खरा? म्हणून सोप्या भाषेत, चित्रांनी, खुणांनी, पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. नाही म्हणण्याची मुभा द्यावी लागते. आणि बोलल्यावर त्याला त्रास होणार नाही याची तजवीज अहवाल लिहिण्याच्या आधी करावी लागते. काहीही करता येणार नसेल तर तोंड उघडायला लावणं हा अन्याय आहे.

हे काम करायला माणसं कुठून आणायची? ती आहेत. टिसची सुरुवात १९३६ ची, पुण्यातली कर्वे समाजसेवा संस्था १९६३ ची. मुंबईत निर्मला निकेतन आहे, नागपुरात मातृसेवा संघाची संस्था आहे, आणि आता बऱ्याच जिल्ह्यांत समाजकार्य महाविद्यालय आहे. तिथली मुलं आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्याला जातातच. त्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना नीट प्रशिक्षण देऊन, स्वतःचा जिल्हा सोडून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवावं. बरोबर एखादा संस्थेत वाढलेला तरुण, एखादी दिव्यांग कार्यकर्ती असावी. त्यांना जे दिसतं ते आम्हाला दिसत नाही. बालगृहं एका खात्याकडे, दिव्यांगांची केंद्रं दुसऱ्याकडे, वृद्धाश्रम तिसऱ्याकडे आणि मनोरुग्णालयं आरोग्याकडे, ही वाटणी अभ्यासात तरी मोडावी. कारण माणूस अशा खात्यांत वाटला जात नाही. बौद्धिक दिव्यांग मूल अठराव्या वाढदिवसाला एका खात्यातून बाहेर पडतं, पण ते जातं कुठे हे पुढच्या खात्याला माहीत नसतं. व्यक्तींची ओळख झाकून अहवाल संकेतस्थळावर टाकावा, चांगल्या संस्थांची नावं ठळक अक्षरांत द्यावीत, आणि गंभीर बाब आढळली तर ती जिल्ह्याकडे न देता थेट उच्च न्यायालयाच्या बाल न्याय समितीकडे किंवा राज्य मानवी हक्क आयोगाकडे जावी. मुजफ्फरपूरचे दोषी आठवा, म्हणजे यातलं शेवटचं कलम का हवं ते कळेल.

दोन वर्षांपूर्वी एका बालगृहात मी फॉर्म नेलाच नाही. अकरा मुलं होती, तेरा ते सतरा वर्षांची. त्यांना कागद दिले आणि म्हटलं, तपासणीला येणाऱ्या माणसांनी काय विचारावं ते तुम्ही लिहा. नाव लिहायचं नाही. अर्धा तास खोलीत पेन्सिलींचा आवाज होता. ते कागद माझ्याकडे अजून आहेत. 'रात्री ड्यूटीवर कोण असतं ते विचारा.' 'कपाट कुणाकुणाला आहे ते विचारा, कुलूप आहे का ते पण.' 'आई भेटायला येते तेव्हा किती वेळ बसू देतात.' 'अठरा झाल्यावर कुठं जायचं.' 'आधार कार्ड कुणाजवळ आहे.' 'भाजी परत मागितली तर मिळते का.' आणि एका कागदावर, अक्षर बारीक, दोनदा खोडून पुन्हा लिहिलेलं: 'आम्ही जे सांगतो ते तुम्ही गेल्यावर सरांना सांगणार का.'